हाडांचे जुने फोटो सांभाळा : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

माझी सगळी नोकरी कोल्हापुरात एक्स-रे काढण्यात गेली. डार्करूममध्ये फिल्म धुण्यापासून कॉम्प्युटरच्या पडद्यापर्यंत सगळं हातून गेलं. नवं मशीन आलं की फीत कापायला गर्दी होते. त्यावर काढलेल्या फोटोचं पुढं काय होतं, ते कुणी विचारत नाही.

हाडांचे काही कॅन्सर फार सावकाश वाढतात. कूर्चेचा कॉन्ड्रोसार्कोमा त्यातलाच. बहुधा चाळिशीनंतर होतो. खुबा, मांडी, खांदा या त्याच्या आवडीच्या जागा. एक्स-रेत हाडाच्या पोकळीत लाह्या फुटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. पंचाईत अशी, की एन्कॉन्ड्रोमा ही निरुपद्रवी गाठही तशीच दिसते. एमआरआयवरही दोघींत फार फरक नसतो, आणि खालच्या दर्जाच्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये बायोप्सीचा तुकडा बघूनही तज्ज्ञांचं एकमत होत नाही. मग बघायचं काय? दुखणं रात्री झोपेतून उठवतं का, हाडाची भिंत आतून दोन तृतीयांशाहून जास्त कोरली गेलीय का, आणि गाठ पूर्वीपेक्षा वाढलीय का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फक्त जुन्या फोटोत असतं.

पन्हाळ्याकडच्या एक मावशी आठवतात. गुडघा दुखतो म्हणून एका दवाखान्यात गुडघ्याचे फोटो काढत राहिले; गुडघा साफ. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, हे नव्या पोरांना आम्ही पहिल्या आठवड्यात सांगायचो. शेवटी खुब्याचा फोटो निघाला आणि गाठ दिसली. पूर्वी कधीतरी पडल्यावर त्याच खुब्याचा फोटो काढलेला होता. त्यांच्या मुलानं तो घरून आणला. पिवळ्या पाकिटात चार फिल्मा, पावसाळ्याच्या ओलीनं एकमेकींना चिकटलेल्या. सोडवायला गेलो तर वरचा थरच निघून आला. ज्या दवाखान्यात तो फोटो काढला होता, तिथं नोंदसुद्धा नव्हती.

या कॅन्सरला केमो आणि रेडिएशन सहसा दाद देत नाहीत. ऑपरेशन हाच इलाज, आणि उशीर होईल तेवढं जास्त हाड जातं. उलट गाठ साधी असेल तर नुसती नजर ठेवून भागतं. तीही जुन्या फोटोशिवाय ठेवता येत नाही.

कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आपल्या खात्याकडे आहे. तिथला प्रत्येक एक्स-रे, सीटी, एमआरआय मूळ डिजिटल स्वरूपात, रुग्णाच्या आभा क्रमांकाला, म्हणजे सरकारी आरोग्य ओळख क्रमांकाला जोडून कायम जपला जावा. मोबाईलवर काढलेला फोटोचा फोटो चालत नाही, भिंतीची कोर त्यात दिसत नाही. रुग्णाला घरी जाताना रिपोर्टबरोबर सीडीही मिळावी. महालक्ष्मी एक्सप्रेसनं दादरला उतरून परळच्या टाटाला जाणाऱ्याच्या पिशवीत निदान तेवढं असावं. गडहिंग्लज, चंदगड, शाहूवाडीकडची सरकारी रुग्णालयं आरोग्य खात्याकडे येतात. त्या मंत्र्यांशी बोलून तिथले संशयास्पद फोटो सीपीआरच्या रेडिओलॉजिस्टकडे थेट यावेत, अशी सोय करा. आणि एमआरआय होण्याआधी कुणी गाठीत सुई घालू नये, हे लेखी आदेशात घाला. सुईनं रक्त साकळलं की चित्र बिघडतं.

नवीन मशीनच्या मानानं याचा खर्च थोडा आहे. फीत कापायला मात्र काही मिळणार नाही.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, कोल्हापूर