२५ हजारांची हमी म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,

‘संशयिताची २५ हजारांच्या वैयक्तिक हमीवर आणि तेवढ्याच रकमेच्या एका हमीदारावर सुटका’ ही ओळ वर्तमानपत्रांत वरचेवर येते. ती ऐकून घरची माणसे कोर्टात धावतात ती ५० हजार रोख घेऊन, नाहीतर ते नाहीत म्हणून हवालदिल होऊन. मुळात हे त्या दिवशी भरायचे पैसे नव्हेत. संशयित तारखेला हजर राहिला नाही तर एवढी रक्कम भरीन, असे २५ हजारांचे त्याने स्वतः आणि २५ हजारांचे हमीदाराने लिहून द्यायचे असते. इंग्रजी मालिकांत दिसतो तसा दहा टक्के घेऊन सोडवून आणणारा एजंट आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे आवारात ‘हमीदार मिळवून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर चार हात लांबच राहावे. अशा भाडोत्री हमीदाराचे कागद खोटे निघाले की नवा हमीदार आणण्याची, नाहीतर परत आत जाण्याची पाळी संशयितावरच येते.

आदेश झाला म्हणजे माणूस सुटला, असेही नाही. आदेशाची प्रत, हमीदाराची कागदपत्रे, त्यांची तपासणी, दोघांच्या सह्या आणि मग कोलवाळ तुरुंगात सुटकेचा हुकूम, असा हा क्रम आहे. शुक्रवारी दुपारी आदेश झाला आणि हमीदार सोमवारी उगवला, तर मधले दिवस तुरुंगातच जातात. म्हणून अर्जावर सुनावणी असेल त्याच दिवशी हमीदाराला कागदांसह कोर्टात बसवून ठेवावे. अटकपूर्व जामीन असेल तर हमी बहुधा तपास अधिकाऱ्याकडे द्यायची असते. आदेशात काय लिहिले आहे ते पाहावे.

गोव्यात घोडे अडते ते मालमत्तेच्या कागदांवर. एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा आणला जातो, पण त्यावर नाव वारलेल्या आजोबांचे असते, इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करण्याची कोर्टातली कारवाई) झालेली नसते आणि वाटेकरी दहा. मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे, घर विकत घेऊन नावावर झालेले नसेल, तर तेही मालकी म्हणून दाखवता येत नाही. नोकरदाराचा पगाराचा दाखला किंवा हमीदाराच्या स्वतःच्या नावाची मुदत ठेव यापेक्षा बरी. सोबत आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा आणि फोटो हवेत. आपण आणखी किती जणांना हमी राहिलो आहोत, हेही हमीदाराला लिहून द्यावे लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४८६). ते लपवू नये.

शेजारधर्म म्हणून सही करणाऱ्यांनी पुढचे नीट वाचावे. संशयित तारीख चुकवून गेला, की कोर्ट हमी जप्त करून हमीदाराला ‘रक्कम का भरू नये’ अशी नोटीस काढते (कलम ४९१). ‘तो पुढच्या तारखेला गेला की!’ म्हणून पुष्कळजण ती नोटीस बाजूला ठेवतात. चूक इथेच होते. उत्तर दिले, कारण पटवले, तर कोर्ट रक्कम कमी करू शकते. गप्प राहिलात तर ती दंडासारखी वसूल होते, आणि वसूल झाली नाही तर हमीदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. भरवसा उडाला असेल तर माणूस पळून जाण्याआधीच कलम ४८९ खाली हमीतून मोकळे होण्याचा अर्ज करावा. मग कोर्ट वॉरंट काढून संशयिताला बोलावते आणि दुसरा हमीदार आणायला सांगते. बोटीवर किंवा आखातात नोकरीला जाणाऱ्यांच्या हमीदारांनी तर अटी स्वतः वाचाव्यात. परवानगीशिवाय गोवा सोडायचा नाही, अशी अट असताना बोट धरली म्हणजे अटीचा भंगच. निर्दोष सुटल्यावरसुद्धा, अपील झाले तर वरच्या कोर्टात हजर राहण्याची सहा महिन्यांची हमी असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

परप्रांतीय मजुरांना इथला हमीदार कुठून मिळणार? स्थानिक हमीदाराची अट घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत सुचवले आहे. परजिल्ह्यातला हमीदार नाकारणे चूक, हे तर १९७८ सालीच मोतीराम प्रकरणात ठरले. वकिलाने ते कोर्टापुढे ठेवावे, नाहीतर कलम ४९० खाली रोख भरण्याची मुभा मागावी. रक्कमच झेपत नसेल तर ती कमी करण्यासाठी कलम ४८४ खाली सत्र न्यायालयात किंवा पर्वरीला उच्च न्यायालयात जाता येते. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात हमीदार मिळाला नाही तर माणूस गरीब आहे असे धरून त्याच्या स्वतःच्या हमीवरच सोडावे, असे कलम ४७८ सांगते. कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. त्यासाठी फोन क्रमांक १५१००.

आता रोख भरणाऱ्यांसाठी. पावती ज्याच्या नावाने, पैसे परत मागायचा हक्क त्याचा. खटला संपल्यावर ती रक्कम आपोआप घरी येत नाही, त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो आणि सोबत मूळ पावती लागते. खटला वर्षानुवर्षे चालतो, तेवढ्यात शाई उडते, पावती गहाळ होते. म्हणून मिळाली त्याच दिवशी तिच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, आणि खटल्याचा क्रमांक पावतीच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवावा.

– एक वकील, म्हापसा