मॉर्गनची धरणे आणि आपले जुने भांडण

फोंडा, गुरुवार

प्रिय सदा,
स. न. वि. वि.

तुझ्या पत्रांना उत्तर गेले नाही, त्याबद्दल जे ऐकवायचे असेल ते चतुर्थीला आलास की समोर बसून ऐकव. प्रकृती बरी आहे. गुडघा कुरकुरतो, साखर आटोक्यात आहे. लिहायला बसलो ते निराळ्याच कारणाने. घरात ते कोणाला सांगून उपयोग नाही, कारण धरणाला दरवाजे असावेत की नसावेत यावरून माझ्याशी अबोला धरणारा या जगात तू एकटाच आहेस.

रविवारी भाईंच्या संस्थेची मंडळी येऊन गेली. मी निवृत्त झालो आहे, तेव्हा नव्या महाविद्यालयाची धुरा घ्यावी, असा आग्रह. सोलकढी झाली, गोड बोलणे झाले, आणि उठताना भाई म्हणाले, "एवढी धरणे सांभाळलीस, चार प्राध्यापक सांभाळणे तुला काय जड?" नेमके तेच जड जाईल की काय, या विचाराने झोप उडाली आहे, आणि डोळ्यांसमोर सारखा तो अमेरिकन अभियंता आर्थर मॉर्गन येतो.

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याच्यावरूनच आपली जुंपली होती. मार्च १९१३ मध्ये ओहायोतले डेटन शहर पुरात बुडाले, त्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. लोकांनी वीस लाख डॉलरांहून जास्त वर्गणी जमवली आणि काम सोपवले ते अभियांत्रिकीची पदवीच नसलेल्या, बापाच्या हाताखाली जमीनमोजणी शिकलेल्या या माणसावर. (तुझी-माझी प्रमाणपत्रे भिंतीवर टांगलेली आहेत. असोत.) त्याने १९१३ च्या पुराहून चाळीस टक्के जास्त पाणी गृहीत धरून पाच कोरडी धरणे बांधली. धरणाच्या पायथ्याशी कायमची उघडी मोरी. दरवाजा नाही, चाक नाही, चाक फिरवणारा नाही. एरवी नदी त्यातून सरळ निघून जाते. पूर आला की मोरीत मावेल तेवढेच पाणी खाली उतरते आणि उरलेले मागच्या शेतांवर पसरून थांबते. दरवाजा न ठेवणारा अभियंता आळशी, असे तुझे म्हणणे. भर पावसात, मध्यरात्री, टेलिफोन बंद असताना दरवाजा उचलायला माणूस वेळेवर पोहोचेलच असे ज्याने धरून चालले नाही तो शहाणा, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. साळावली धरणाच्या डकबिल, म्हणजे बदकाच्या चोचीसारख्या, बिनदरवाजाच्या सांडव्यावरून पाणी आपसूक उतरताना पाहून तूही गप्प झाला होतास.

खरी गोष्ट पुढे आहे. धरणे पुरी होण्याआधीच, १९२० साली, हा गृहस्थ यलो स्प्रिंग्जच्या अँटिऑक महाविद्यालयाचा अध्यक्ष झाला. संस्था मोडकळीला आलेली. त्याने मुलांना काही आठवडे वर्गात आणि काही आठवडे नोकरीवर पाठवायची पद्धत बसवली. एका जागेवर दोन विद्यार्थी, एक परतला की दुसरा जायचा, म्हणजे मालकाचे काम अडायचे नाही. पाळ्या लावणाऱ्या अभियंत्यालाच सुचावे असे हे, आणि महाविद्यालय त्यावर तरले.

मग १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने त्याला टेनेसी खोरे प्राधिकरणाचा, म्हणजे तिथली धरणे आणि वीज पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा, अध्यक्ष नेमले. तेथे संचालक तीन, तिघांचे मत सारख्याच वजनाचे. नॉरिस धरण १९३६ मध्ये उभे राहिले, पण लिलिएंथल या वकील सहकाऱ्याशी त्याचे काही केल्या जमेना. खासगी वीज कंपन्यांशी जुळवून घ्यायचे की लढायचे, हा मूळ वाद. तो वाढत वाढत मॉर्गनने सहकाऱ्यांवर अप्रामाणिकपणाचा जाहीर आरोप करण्यापर्यंत गेला. मार्च १९३८ मध्ये रूझवेल्टने समोर बोलावून पुरावा मागितला, तर हा म्हणाला की मी संसदेलाच सांगेन. त्याला पदावरून काढून टाकण्यात आले.

मला दिसते ते असे, की अँटिऑकला त्याच्या शब्दापुढे अडथळा नव्हता आणि टेनेसीत बरोबरीची माणसे होती. दगड-काँक्रीटकडून जी शिस्त मिळते ती त्याने त्यांच्याकडून मागितली. भाईंच्या मंडळात तर सगळेच बरोबरीचे, आणि प्रत्येकाचा एक भाचा व्याख्याता होण्याच्या तयारीत. हसू नकोस, तुझ्याही भाच्याचा अर्ज येणार आहे.

तरीही नाही म्हणवत नाही, त्याला कारण हाच मॉर्गन. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगावर, १९४८-४९ साली, तो सभासद होता आणि ग्रामीण विद्यापीठांचा आग्रह त्याने धरला. आपण तेव्हा पोर्तुगालच्या अमलात, त्यामुळे तो अहवाल आपल्याला लागू नव्हता, ही पळवाट मात्र १९६१ नंतर उरलेली नाही. सत्तरी तालुक्यातली मुले पदवी घेऊन बाहेर पडतात आणि गावच्या बंधाऱ्याला गळती कुठून आहे ते त्यांना सांगता येत नाही. त्याची पाळीची पद्धत येथे बसवता येईल, असे मनापासून वाटते.

तुझ्या मोतीबिंदूचे काय झाले? वहिनींना नमस्कार सांग. चिरंजीवांचे जर्मनीचे जमले असे ऐकले, आनंद वाटला.

आता विचारायचे ते एवढेच. नेमणुका आणि वेळापत्रक या दोन बाबींत मंडळाने हात घालू नये, अशी अट लेखी मागावी, की आधी पद घेऊन मग भांडावे? तू म्हणशील की हा पुन्हा दरवाजा काढून टाकण्याचाच प्रकार झाला. म्हण, पण सोमवारी भाई येण्याआधी म्हण, फोन चालेल.

तुझा,
दत्ता