सुमे, तो ठिपका काढ

प्लिमथ, सोमवार रात्र

सुमे,

मार्चपासून एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येती बऱ्या आहेत, गुडघा कुरकुरतो, चालायचंच. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मला आज नीट रागवायचंय.

डार्टमूरच्या माळावरचा जो लेटरबॉक्सिंगचा डबा (आत शिक्का आणि वही, दगडाखाली लपवलेला, क्लूवरून शोधायचा) मी तुला तोंडी सांगितला, त्याचा क्लू तू तिकडच्या अमेरिकन साइटवर टाकलास. टाकलास ते टाकलास, वर 'सोपा करून' टाकलास! मी काय दिलं होतं? सहा आकडी ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या चौकोनाचा पत्ता), दोन टॉरची, म्हणजे टेकडीमाथ्यावरच्या खडकांची, बेअरिंग्ज (होकायंत्राने घेतलेल्या दिशा) आणि शेवटची अठरा पावलं. बेअरिंग्ज किचकट म्हणून तू उडवलीस आणि ग्रिडचे अक्षांश-रेखांश काढून नकाशावर एक ठिपका ठेवून दिलास. अगं बये, सहा आकड्यांतून जागा मिळत नाही, 100 मीटर बाय 100 मीटरचा चौकोन मिळतो. तुझ्या कन्व्हर्टरने त्या चौकोनाचा नैऋत्य कोपरा पकडला. डबा समोरच्या टोकाला असला तर तिथून 141 मीटर लांब! त्या चौकोनात ग्रॅनाइटचे शेकडो धोंडे आहेत. नेमका कुठला, ते सांगायलाच बेअरिंग्ज असतात.

मग व्हायचं तेच झालं. लोक फोन घेऊन ठिपक्यावर उभे राहतात, काही दिसत नाही, की दगड उलथायला लागतात. अकरा धोंडे मी स्वतः मोजले, शेवाळाची बाजू खाली, मातीची आकाशाकडे. खालचं गवत मुळासकट सुटलेलं, आतलं काळं पीट, ती कुजक्या झाडपाल्याची माती, उघडं. दोन पावसांत तिथून ओघळ निघतो आणि मग ते भरून यायला वर्षं जातात. डबा मात्र आपल्या जागी साबूत. एकाला सापडलाय, त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा झाकणात चिमटून ठेवला. तेवढ्या एका सुरकुतीतून पाणी आत ओढलं जातं. वहीचा लगदा झालाय, पानं सुटत नाहीत. (पिशवी आत पूर्ण दाबायची, कडेवरून बोट फिरवून बघायचं, मग झाकण. हे तिकडच्यांनाही सांग.)

काल घड्याळं मागे गेली, म्हणजे आमचा लेटरबॉक्सवाल्यांचा वर्षातून दोनदाचा मेळावा. 'अमेरिकन लोक' म्हणून सगळे, त्यातही एक आजोबा, तावातावाने बोलत होते आणि मी चहा ढवळत बसले. क्लू माझ्या तोंडून गेलाय, सुमे. सांगू की नको?

तू म्हणशील, बघ, तुमचं सोवळं! 2019 ला याच विषयावर आपण अडीच तास भांडलो होतो. 100 डबे शोधल्याशिवाय क्लूंचा कॅटलॉग मिळत नाही, ही काय मुंज आहे का, म्हणाली होतीस. तेव्हा मीही हसले होते. पण शंभर डबे शोधेपर्यंत माणूस दगड होता तसा परत ठेवायला शिकतो, बेअरिंग घ्यायला शिकतो, ओकहॅम्प्टनच्या लष्करी गोळीबाराच्या रेंजवर लाल झेंडा असला की मागे फिरायला शिकतो. पेरट नावाच्या वाटाड्याने 1854 मध्ये डार्टमूरवरच्या क्रॅनमियर पूलला पहिली बाटली ठेवली तेव्हा तिथवर जाणं हीच परीक्षा होती. (नाव पूल, पाण्याचा पत्ता नाही, तुझ्या भाषेत 'इंग्रजांची काटकसर'.) 1976 पर्यंत सगळे मिळून पंधराएक डबे होते, मग हजारोंनी झाले. कबरींत, दगडी रांगांत, जुन्या भिंतींत डबे ठेवायचे नाहीत, सिमेंट लावायचं नाही, हे नियम त्यानंतर आले ते उगाच नाही.

आता तुझी बाजूही लिहिते, नाहीतर तू पत्र फाडशील. 1998 च्या एप्रिलमध्ये स्मिथसोनियन मासिकात लेख आला आणि तिकडे सगळ्यांनी धरलं ते शिक्क्याचं वेड. क्लू फुकट, उघडा, कोड्यासारखा. मान सगळा हाताने कोरलेल्या शिक्क्याला. आमच्याकडे कितीतरी जण शिक्का दुकानातून करून आणतात, त्याची मला लाज वाटते. तुझा घुबडाचा शिक्का मी मेळाव्यात दाखवला, तेव्हा तेच रागावलेले आजोबा दोन मिनिटं गप्प होते. फक्त त्याची डाव्या पंखाची रेघ तुटलीय. तू पातं रेघेच्या पोटाखाली घालतेस. रेघेचा पाया माथ्यापेक्षा रुंद राहिला पाहिजे, म्हणजे पातं रेघेपासून बाहेर कललेलं हवं. वळणावर पातं स्थिर ठेव आणि रबर फिरव. शाईचं पॅड शिक्क्यावर थोपट, शिक्का पॅडवर दाबू नकोस. आणि ती पिगमेंट शाई डब्याबरोबर नको, ती ओली राहते आणि समोरच्या पानावर उठते.

तर आता काय करायचं. ठिपका आजच काढ. 'जागा दुरुस्तीला, जाऊ नका' एवढंच लिही. नवा क्लू देऊ नकोस, डबा मी उचललाय. दगड जमेल तसे परत सुलटे ठेवलेत. दोन मला एकटीला हलले नाहीत.

तुझ्या स्वतःच्या कनेक्टिकटच्या डब्याचं पण बघ. तिथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला तेरा अंशांच्या आसपास सरकलेली आहे, म्हणजे 100 मीटरवर बावीस-तेवीस मीटरची चूक. बेअरिंग कुठल्या उत्तरेवरून घेतलंय ते क्लूतच लिही. 'पाऊल' म्हणजे एक की दोन तेही लिही, तुमच्याकडे दोन पावलांना एक धरतात, आणि मी तुझ्या शेजारच्या ओढ्यात उतरले होते ते त्याच हिशेबाने. झाकणाच्या आत ठळक लिही, 'शिक्का घेऊन जाऊ नका', नाहीतर जिओकॅशिंगवाले (जीपीएसवर डबे शोधून आतल्या वस्तूंची अदलाबदल करणारे) बदल्यात एखादी खेळण्यातली गाडी ठेवून तो उचलून नेतात. आणि राजगडावर होकायंत्र तू धरलं होतंस, मी नव्हे, हे एकदा लेखी मान्य कर.

चिनूची ॲडमिशन झाली ना? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी? घर विकायचं ठरलं का? सगळं एका मेलमध्ये लिही.

पुढच्या मेळाव्याला अजून पाच महिने आहेत. आजोबांना मी त्याआधी भेटून सांगावं, असं मला वाटतंय. तुझं नाव घेऊ का, एवढं कळव.

तुझी,
वैजू

ता. क. घुबड परत कोरून पाठव. आजोबांनी दोनदा विचारलं.