नायकाची आई

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की मालिकेत नायकाच्या आईची भूमिका विचारली आहे, आणि मग बराच वेळ काही बोललीच नाहीस. मलाही तेव्हा काही सुचलं नाही. छत्तिसाव्या वर्षी, आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असलेल्या मुलाची आई व्हायचं, केसांना पांढरं लावायचं, हे ऐकून कुणाही नटीच्या पोटात खड्डा पडेल. त्यात गैर काही नाही. नायक पन्नाशीतही नायकच राहतो आणि बरोबरीच्या बायका त्याच्या आया होतात, याचा राग मलाही येतो. तो राग तू सोडावास असं मी सांगणार नाही.

पण तू म्हणालीस, "आई, एकदा आईची भूमिका घेतली की संपलं." हे मला पटलेलं नाही. का, ते नीट सांगायचं तर दुर्गाबाई खोट्यांबद्दल लिहायला हवं. तुझ्या पिढीला त्या 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाई म्हणून आणि 'बॉबी'तल्या आजी म्हणून माहीत आहेत. म्हणजे तुम्ही त्यांना म्हातारपणापासूनच ओळखता. त्याआधीची आणि त्याच काळातली रंगभूमीवरची बाई तुला कळली पाहिजे.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, माहेरचं नाव विठा लाड. कुटुंब मूळचं गोव्याकडचं, घरात कोकणी, वडील मुंबईत सॉलिसिटर. गिरगावात कांदेवाडीतलं भरलेलं घर, कॅथीड्रल शाळा, मग सेंट झेवियर्स कॉलेज. लग्नही तोलामोलाच्या घरात झालं. मग दिवस फिरले. ऐन पंचविशीत, पदरात बकुळ आणि हरीन हे दोन लहान मुलगे असताना, स्वतः कमावण्याची वेळ आली. सिनेमा त्यांनी हौसेने निवडला नव्हता. १९३१ साली 'फरेबी जाल' या बोलपटात मिळालेलं छोटंसं काम त्यांनी पैशासाठी घेतलं. चित्रपट पडला आणि एवढ्या प्रतिष्ठित घरातली सून पडद्यावर गेली म्हणून लोकांनी तोंडसुख घेतलं ते वेगळंच. तिथेच सगळं संपलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

आणि मग आपलं कोल्हापूर येतं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच सुरू झाली, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. मधल्या काळात, १९३२ साली, शांतारामबापूंनी 'अयोध्येचा राजा' केला. मराठीतला पहिला बोलपट. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच, आणि तारामती दुर्गाबाई. पार्श्वगायनाची सोय नव्हती, गाणं ज्याचं त्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहून गायचं. मराठीबरोबर हिंदीतही तोच चित्रपट झाला, त्यामुळे काम दुप्पट.

आता एक गोष्ट लक्षात घे. हीच कथा दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये मूकपटात आणली तेव्हा तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, कारण काम करायला बाई मिळेना. पुढे बायका आल्या, पण पडद्यावर दिसणं हे 'चांगल्या घरातल्या' मुलीचं काम नव्हेच, ही समजूत हलली नव्हती. एकोणीस वर्षांनी तीच तारामती दुर्गाबाईंनी केली आणि सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरांचं दार किलकिलं झालं. त्यानंतर ज्या मुली आल्या त्यांना घरच्यांशी भांडताना एक नाव घेता आलं. मीसुद्धा तुझ्या आजोबांसमोर, तू नाटकाचं शिक्षण घ्यायचं ठरवलंस तेव्हा, हेच नाव घेतलं होतं.

आणि तारामती कोण? रोहिदासाची आई. मेलेलं लेकरू घेऊन मसणात उभी राहिलेली आई. म्हणजे सत्ताविसाव्या वर्षी, कारकीर्द जिथून खरी सुरू झाली तिथेच त्या आई होत्या. तो चित्रपट तू मन लावून बघ. अभिनय त्या काळाच्या रीतीचा आहे, बोलणं काहीसं संगीत नाटकातल्यासारखं आहे, आवाजाची खरखर आहे. पण ती बाई दयेची भीक मागत उभी नाही. ताठ आहे. हा ताठपणा त्यांच्या सगळ्या चांगल्या भूमिकांत दिसतो आणि मला वाटतं, तो त्यांनी बाहेरून आणलेला नव्हता.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्ससाठी 'राजरानी मीरा', मग १९३४ मध्ये देवकी बोसांच्या 'सीता'मध्ये सीता, समोर राम म्हणून पृथ्वीराज कपूर. नट-नट्या महिन्याच्या पगारावर एकाच कंपनीला बांधलेल्या असायच्या त्या दिवसांत दुर्गाबाई कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई अशा हिंडून चित्रपटागणिक करार करत होत्या. आज तुम्ही सगळे असंच काम करता आणि त्याचीच धास्ती घेता. त्यांनी हे दोन मुलं वाढवताना केलं. १९३६ च्या 'अमरज्योती'तली सौदामिनी तर मला सगळ्यांत आवडते. कायदा तिचं मूल तिच्याकडून काढून घेतो आणि ती समुद्रावर दरोडे घालणाऱ्यांची म्होरकी होते. १९३६ साली! बाईच्या हक्काचा इतका उघड सवाल आणि तोही एका आईच्या तोंडून. पुढच्याच वर्षी 'साथी' या चित्रपटाची निर्मिती आणि दिग्दर्शन त्यांनी स्वतः केलं. त्या वेळी हे करणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

आता जे सांगायला बसले ते. १९४१ मध्ये अत्र्यांचा 'पायाची दासी' आला. नायिका वनमाला. आणि दुर्गाबाई? सासू. सुनेला छळणारी, करारी, घर मुठीत ठेवणारी सासू. तेव्हा त्यांचं वय छत्तीस. तुझंच. वनमालाबाईंपेक्षा त्या जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या. आदल्या दशकातली राणी, सीता, मीरा बाजूला ठेवून त्या खलनायिका सासू व्हायला तयार झाल्या आणि बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेचं उत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक त्यांना त्याच कामासाठी मिळालं. पुढच्या वर्षी 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी केली, त्यालाही ते पारितोषिक मिळालं. सीता झालेल्या बाईने आठ वर्षांनी कैकेयी होणं याचा अर्थ मला असा दिसतो की आपल्याला लोकांनी चांगलं म्हणावं ही गरज त्यांनी सोडून दिली होती. ती गरज सुटली की नटाचा हात मोकळा होतो. तुझं अजून तिथेच अडतं, ताई. तुला पडद्यावर आवडती व्हायचं असतं. मी तुझी प्रेक्षक आहे, म्हणून हे सांगण्याचा हक्क मला आहे.

आणि याच सुमाराला, चाळिशीच्या आसपास, त्यांनी नाटकाकडे जोर लावला. सिनेमात नाव झाल्यावर रंगभूमीवर येणं हा उलटा प्रवास. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत, नानासाहेब फाटकांसारख्या नटासमोर त्या उभ्या राहिल्या. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त राघोबा नानासाहेब आणि आनंदीबाई त्या. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चं 'राजमुकुट' केलं तेव्हा त्यातली सत्तेला हपापलेली राणीही त्याच. ते प्रयोग मी पाहिलेले नाहीत, माझा जन्मही नव्हता. पण आनंदीबाई ही भूमिका काय आहे ते तू जाणतेस. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून ती सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीची, तिला नुसती दुष्ट दाखवली की लोक टाळ्या वाजवून घरी जातात. ती माणूस वाटायला लावणं हे काम. १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तो सिनेमासाठी नव्हे, रंगभूमीवरच्या अभिनयासाठी. हे मला फार मोठं वाटतं. पडद्यावर त्यांना आयाच्या आया मिळत होत्या त्या वर्षांत रंगमंचावर त्या हे करत होत्या. एकाने दिलेलं नाही ते दुसरीकडून मिळवत होत्या.

मी तुला खोटं सांगणार नाही. पुढच्या काळातल्या त्यांच्या हिंदी चित्रपटांतल्या बऱ्याच भूमिका पातळ आहेत. पांढरी साडी, डोळ्यांना पदर, मुलाच्या डोक्यावरून हात. लिहिणाऱ्याने काही लिहिलेलंच नसेल तर नटी काय करणार? पण मधूनच एखादी भूमिका येते आणि बाई आपल्या जागी असतात. जोधाबाई बघ. 'मुघल-ए-आझम' १९६० चा, अकबर तोच पृथ्वीराज कपूर, सव्वीस वर्षांपूर्वीचा राम. दिलीपकुमारपेक्षा त्या फक्त सतरा-अठरा वर्षांनी मोठ्या. नवरा आणि मुलगा एकमेकांवर शस्त्र उगारून उभे आणि ही मधे. त्या मोठ्या आवाजांच्या, मोठ्या वाक्यांच्या चित्रपटात त्या बहुतेक वेळ ऐकत असतात. समोरचा बोलत असताना ऐकायचं कसं, हे शिकायला मी तुला तो चित्रपट पुन्हा बघायला सांगेन. १९७३ मध्ये 'बॉबी' आला तेव्हा मी शाळेत होते. आम्ही मुली डिंपलचा ठिपक्यांचा झगा बघायला गेलो होतो, आणि मला मात्र मिसेस ब्रगांझा आवडल्या. 'बिदाई'साठी फिल्मफेअर मिळालं तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. 'कर्ज' तर त्यानंतरचा.

आणखी एक, हे तुझ्या हिशोबी स्वभावाला पटेल. बोलावणं येण्याची वाट बघत त्या बसल्या नाहीत. १९५२ मध्ये त्यांनी फॅक्ट फिल्म्स ही लघुपटांची संस्था काढली, पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. जाहिराती, माहितीपट, आणि १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'वागले की दुनिया'. आर. के. लक्ष्मण यांचा तो बिचारा वागले ज्या घरातून आला ते घर यांचं, हे तुला लहानपणी ठाऊक नव्हतं. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी संस्थेच्या नावावर अशी मालिका होती. पद्मश्री १९६८ मध्ये आणि १९८३ सालचं दादासाहेब फाळके पारितोषिकही मिळालं. पुरुष तारामतीपासून सुरू झालेल्या गोष्टीला साजेसं ते नाव होतं.

सुख मात्र सरळ मिळालं नाही. हरीन अकाली गेला. त्याची बायको म्हणजे आपल्या विजयाबाई मेहता, लहान मुलं घेऊन मागे राहिलेल्या. एकाच घरात दोन पिढ्यांच्या दोन बायका, दोघी रंगभूमीवरच्या, दोघींना तरुणपणी वैधव्य. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. 'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचं आत्मचरित्र माझ्या कपाटात आहे, कुणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठवते. त्या २२ सप्टेंबर १९९१ ला गेल्या, तेव्हा तू तान्ही होतीस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ही भूमिका घे की नको घेऊ, हे मी सांगणार नाही, पण काय विचारायचं ते सांगते. 'आई' हे वय आहे, भूमिका नव्हे. या बाईला काय हवंय, ती कशावर अडून बसते, मुलगा घरात नसताना ती काय करते, हे त्यांना विचार. लेखकाकडे उत्तर असेल तर जा. नसेल आणि पैशाची गरज असेल तरी जा, त्यात कमीपणा नाही, दुर्गाबाईही गरजेपोटीच आल्या होत्या. पण मग दिवसाचे पैसे आईचे म्हणून कमी घेऊ नकोस. आणि शनिवार-रविवार प्रयोगांसाठी मोकळे हवेत, हे करारात लिहून घे. तोंडी आश्वासनावर राहू नकोस, शेड्यूल लागलं की तोंडी बोललेलं कुणाला आठवत नाही. हे लिहून द्यायला ते तयार नसतील तर माझं मत स्पष्ट आहे: नाही म्हण. मालिका आणखी येतील, तालमीला बसलेलं नाटक सोडू नकोस.

बाबांचं गुडघ्याचं दुखणं आता बरं आहे, सकाळी रंकाळ्यापर्यंत जाऊन येतात. ते म्हणतात, पहिल्या प्रयोगाची तारीख ठरली की आधी कळव, रेल्वेचं रिझर्वेशन करायचं आहे.

तुझी,
आई