वेटिंग लिस्टला नंबर नसतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्चचा शेवटचा आठवडा आला की पुण्या-मुंबईतल्या काही घरांत पहाटे चारचा गजर लागतो. अमेरिकेतल्या आयव्ही लीग या नामांकित गटातली आठही विद्यापीठे पदवीप्रवेशाचे निकाल सहसा एकाच संध्याकाळी लावतात. तिकडचे सात म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेचार. तिकडच्या एमआयटीचा निकाल १४ मार्चला, गणितातल्या ‘पाय’च्या (३.१४) दिवशी, तिथल्या ६ वाजून २८ मिनिटांनी लागतो, तेव्हा आपल्याकडे १५ तारखेचे ३.५८ झालेले असतात. लवकर अर्ज करणाऱ्यांच्या डिसेंबरातल्या निकालांसाठी मात्र हे गणित तासाने बदलते, कारण तिथली घड्याळे मार्चमध्ये एक तास पुढे होतात. संध्याकाळी सातचा निकाल डिसेंबरात आपल्याला साडेपाचला दिसतो.

आम्ही या प्रवेशांचे काम पाहतो. अर्ज गेल्यापासून निकालापर्यंतचे तीन महिने मुले आणि पालक ज्या काळजीत काढतात, तिचा बराचसा भाग शब्दांच्या घोटाळ्यातून येतो. आपल्याला सवय आहे ती अकरावीच्या गुणवत्ता यादीची आणि कॅप राउंडची. कट-ऑफ, वेटिंग, फेरतपासणी हे शब्द आपण तिथून उचलतो आणि अमेरिकेच्या प्रवेशाला लावतो.

तिथे कट-ऑफ नाही. २०२३ साली हार्वर्डकडे ५६,९३७ अर्ज आले आणि प्रवेश मिळाला १,९४२ जणांना. इतक्या अर्जांत गुणांनी पात्र असलेली मुले जागांच्या कितीतरी पट असतात. त्यांच्यातून समिती एक वर्ग जुळवते: विषय, देश, खेळ, संगीत, घरची परिस्थिती सगळे पाहून. म्हणून एकाच वर्गातल्या दोन मुलींपैकी कमी गुणांच्या मुलीला प्रवेश मिळू शकतो. नकाराचे कारण कळवले जात नाही, आणि ‘पेपर पुन्हा तपासा’ म्हणायची सोय नाही.

पण जानेवारी ते मार्च हातावर हात ठेवून बसायचा काळ नव्हे. फाइल याच काळात अडकते. सर्वांत जास्त घोळ होतो नावाचा. आपल्या पासपोर्टवर बहुधा मुलाचे आणि वडिलांचे नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात असते. मुलगी सॅट या प्रवेशपरीक्षेला नोंदणी करताना फक्त स्वतःचे नाव आणि आडनाव टाकते, अनेक विद्यापीठांना एकच अर्ज पाठवायच्या कॉमन अ‍ॅपवर पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव लिहिते आणि इंग्रजीच्या परीक्षेला तिसराच प्रकार होतो. विद्यापीठाची यंत्रणा नाव, जन्मतारीख, ईमेल यांवरून कागद जुळवते. ते जुळले नाहीत की अर्जाची स्थिती दाखवणाऱ्या विद्यापीठाच्या पोर्टलवर ‘गुण मिळाले नाहीत’ असे दिसत राहते. घाबरून पुन्हा पैसे भरून गुण पाठवू नयेत. प्रवेश कार्यालयाला चार ओळींची मेल करावी: अर्जावरचे नाव, परीक्षेतले नाव, जन्मतारीख, परीक्षेचा दिवस. मुदत संपल्यावर पोर्टल अद्ययावत व्हायला एक-दोन आठवडे सहज लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशीच मेल करायची गरज नाही.

पोर्टलच्या लॉगिनची मेल स्पॅममध्ये जाते, ती आठवड्यातून दोनदा शोधावी. शाळेने दिलेला ईमेल पत्ता अर्जावर टाकला असेल तर तो बारावीनंतर कधी बंद होतो हे विचारून घ्यावे.

दुसरी अडचण मिड-इयर रिपोर्टची. बारावीच्या मधल्या टप्प्याचे गुण शाळेने साधारण फेब्रुवारीपर्यंत कळवायचे असतात. मूल नावापुरते कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये असेल, तर हा रिपोर्ट भरणारे कोणी सापडत नाही. कार्यालयाला बोनाफाईड माहीत असते, दाखला माहीत असतो, हे माहीत नसते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच प्राचार्यांना भेटावे, सहामाही आणि प्रिलिमचे गुणपत्रक सोबत न्यावे. आपल्याकडे प्रिलिमचे पेपर मुद्दाम कडक काढतात आणि कडकच तपासतात. अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला हे कसे कळणार? त्याला ७४ टक्के म्हणजे घसरण वाटते. वर्गातले सर्वाधिक गुण किती होते, एवढी एक ओळ रिपोर्टमध्ये घातली की चित्र बदलते.

अर्थसाहाय्य मागितले असेल तर सीएसएस प्रोफाइल (घरचे उत्पन्न आणि मालमत्ता सांगणारा ऑनलाइन फॉर्म) आणि आयकर विवरणपत्रे वेळेत गेली का, हे तपासावे. गावाकडे एकत्र जमीन असलेल्या घरांना इथे हमखास अडचण येते. सातबाऱ्यावर सहा नावे असतात आणि वडील सगळ्या जमिनीची किंमत स्वतःची म्हणून लिहून टाकतात. आपल्या हिश्श्यापुरतीच किंमत लिहावी आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात इतर वारसांचा उल्लेख करावा. नामांकित खासगी विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च आता ९० हजार डॉलरच्या आसपास आहे, त्यामुळे ही ओळ क्षुल्लक नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी ठिकाणे सोडली, तर परदेशी अर्जदाराने मदत मागितली आहे की नाही हे निवडीच्या वेळी पाहिले जाते. ‘आधी प्रवेश घेऊ, मदत नंतर मागू’ हा सल्ला देणाऱ्यांपासून सावध राहावे. आधी मागितली नसेल तर परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षे ती न देणारी विद्यापीठे बरीच आहेत.

काही मुलांना फेब्रुवारीत ‘लाइकली लेटर’, म्हणजे प्रवेश बहुधा मिळेल असे आधीच सुचवणारे पत्र, येते, काहींना माजी विद्यार्थी मुलाखतीला बोलावतात. यांपैकी काहीच आले नाही म्हणून नकार ठरलेला नसतो. बहुतेकांना लाइकली लेटर येतच नाही, आणि मुलाखत पुष्कळदा त्या शहरात मुलाखत घेणारे कोणी आहे का यावर असते.

आता वेटिंगकडे. डिसेंबरात ‘डिफर’ झालेला, म्हणजे निर्णय पुढे ढकललेला, अर्ज मार्चमध्ये सर्वसाधारण अर्जांबरोबर पुन्हा वाचला जातो. ‘वेटलिस्ट’ हा मार्चचा अंतिम निकाल असतो. दोन्हींना घरी ‘वेटिंगला आहे’ असेच म्हणतात, आणि मग रेल्वेच्या आरक्षणासारखा प्रश्न येतो, ‘कितवा नंबर?’ बहुतेक ठिकाणी नंबरच नसतो. १ मेपर्यंत प्रवेश मिळालेल्यांनी होकार-नकार कळवल्यावर वर्गात जिथे उणीव राहते, तिथे बसणारे मूल उचलले जाते. एखाद्या वर्षी शंभरावर उचलतात, एखाद्या वर्षी एकही नाही.

वेटलिस्टवर राहायचे असेल तर पोर्टलवर होकार भरावा लागतो. न भरल्यास नाव आपोआप निघते. पुढे रस कायम असल्याचे एकच पत्र, एका पानाचे. त्यात अर्जानंतर घडलेले नवे तेवढे लिहावे: नवे गुण, पूर्ण झालेला प्रकल्प. ‘हे माझे लहानपणापासूनचे स्वप्न’ हे त्यांनी आधीच वाचलेले असते. ज्यांनी असे काही पाठवू नका म्हणून स्पष्ट लिहिले आहे, त्यांना पाठवू नये. काकांच्या ओळखीच्या प्राध्यापकाची शिफारस तर नकोच.

आणि १ मेच्या आत दुसऱ्या विद्यापीठाची जागा अनामत भरून पक्की करावी. काहीशे डॉलरची ही रक्कम पुढे वेटलिस्टमधून बोलावणे आले तर बुडते, ती बुडेल असे धरूनच चालावे. एकाच वेळी दोन ठिकाणी अनामत भरू नये, कळले तर दोन्ही प्रवेश जाऊ शकतात. जूनअखेर बोलावणे आले तर नव्या विद्यापीठाचा आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) मिळवून व्हिसाची तारीख गाठायची असते. खरी कसरत तिथे आहे, म्हणून पासपोर्ट आणि बँकेचे कागद मे महिन्यातच तयार हवेत.

इथले दरवाजेही उघडे ठेवावेत. एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरण्याची मुदत बहुधा अमेरिकेचे निकाल लागण्याआधीच संपते. ‘तिकडचे बघू आधी’ म्हणून फॉर्म न भरलेली मुले मार्चअखेर दोन्हीकडून सुटतात. प्रवेश मिळाला तरी बारावीचे अंतिम गुणपत्रक पाठवावे लागते. गुण फार घसरले तर विद्यापीठ खुलासा मागते, क्वचित प्रवेश काढूनही घेते.

पालकांना कळकळीची विनंती: मार्चअखेर सीबीएसईचे पेपर चालू असतात आणि जेईई मेनचे दुसरे सत्र तोंडावर असते. पहाटे साडेचारचा निकाल दुपारी दोनला उघडला तरी तो तसाच असतो. त्या दिवशी पेपर असेल तर पोर्टल पेपरनंतर उघडायचे, हे आदल्या आठवड्यातच मुलाशी बोलून ठरवावे. आणि उघडायचे ते मुलानेच, स्वतःच्या फोनवर. व्हॉट्सअ‍ॅपच्या नातेवाइकांच्या गटावर तारीख आधी जाहीर केली की सहा वाजता आत्याचा फोन येतो, आणि नकार आलेल्या मुलाला तो घ्यावा लागतो.

अकरावी आणि सीईटीचे वेळापत्रक आपले दैनिक दरवर्षी छापते. डिसेंबरात त्याच पानावर या निकालांच्या तारखा भारतीय वेळेसह आणि मिड-इयर रिपोर्टची मुदत छापावी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्युनिअर कॉलेजांच्या कार्यालयांत हे पान नोटीस बोर्डवर लागेल.

आपले,
परदेशी पदवीप्रवेशाचे काम पाहणारे काही समुपदेशक, पुणे