खुलासा फोटोखालीच हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फोटोतला फेरफार म्हटले की सगळा राग संगणकावर निघतो. माझी उमेदीची वर्षे डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्या-छापण्याच्या अंधाऱ्या खोलीत गेली, म्हणून थोडे लिहितो. फोटोच्या कागदावर उजेड जितका जास्त पडेल, तितका तो काळा होतो. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ती एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो पाडणाऱ्या यंत्राखाली हलवत राहायची, म्हणजे उजेड अडतो आणि चेहरा काळवंडत नाही. आभाळ पांढरेफटक येत असेल, तर तेवढ्याच भागाला दोन-चार सेकंद जास्त उजेड द्यायचा. हात जरा थबकला की चकतीची कड कागदावर उमटलीच! हे आम्ही राजरोस करायचो आणि त्याला कुणी खोटेपणा म्हणत नसे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मी लोकांच्या सुरकुत्याही झाकल्या आहेत. घरगुती अल्बमबद्दल माझे काहीच म्हणणे नाही.

बातमीच्या फोटोला मात्र ‘उजेड-अंधार सावरा, पण वस्तू हलवू नका’ हा दंडक पुरेसा आहे, असे मला बरीच वर्षे वाटे. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२च्या उभ्या मुखपृष्ठावर मावावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले, ते या दंडकाने चूकच. २००३मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या छायाचित्रकाराने इराकमधल्या बसऱ्यातले दोन फोटो जोडून एक केला. गर्दीतली काही माणसे त्यात दोनदा दिसत होती! नोकरी गेली, ते योग्यच झाले.

पण ‘टाइम’चा २७ जून १९९४चा अंक हा दंडक मोडीत काढतो. खुनाचा आरोप असलेले अमेरिकेचे माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर बराच गडद करून छापला होता. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो होता तसा छापला, त्यामुळे फरक लपला नाही. कृष्णवर्णीय आरोपीला आणखी काळा करून भेसूर दाखवल्याची टीका झाली. खटला तर अजून उभाही राहिला नव्हता. म्हणजे माझ्या डार्करूममधल्यासारखेच उजेड-अंधाराचे काम, पण त्याने माणसाला आधीच गुन्हेगार ठरवले. गंमत अशी की, हे चित्रकाराने घडवलेले चित्र आहे अशी नोंद अंकात होती. आतल्या अनुक्रमणिकेच्या पानावर! ते कोण वाचतो?

म्हणून विनंती एवढीच, की कातरण्यापलीकडे फोटोत काही केले असेल तर काय केले ते फोटोखालीच, फोटोओळीच्याच टाइपात छापावे. ‘संस्कारित छायाचित्र’ हा गुळमुळीत शब्द नको. ‘चेहरा गडद केला आहे’ असे सरळ लिहावे. जागा पुरत नसेल, तर फोटो बोटभर लहान करावा.

आपला,
एक जुना छायाचित्रकार