नाचणीच्या पिठात कचकच, पोते बदलून द्या

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : नाचणीच्या पिठाच्या ३० किलोच्या पोत्यात रेती

महोदय,

फोंड्याला मी भाकऱ्या करून विकते. दोन वर्षे पीठ तुमचेच घेत आले. गेल्या सोमवारी नवे पोते उघडले आणि संध्याकाळी एक जुने गिऱ्हाईक कागदात गुंडाळलेली अर्धी भाकरी घेऊन परत आले. रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "बाय, ही तू खाऊन बघ." दुसऱ्याच घासाला दाताखाली कचकन आले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

रात्री एक वाटी पीठ पातेलेभर पाण्यात कालवले आणि वरचे गढूळ पाणी अलगद ओतत गेले. सहाव्या पाण्याला तळाशी चिमूटभर करडी पूड उरली. वाटीवर बोटाने घासली तर खरखरते. ती पुडी करून ठेवली आहे.

तुमच्याकडे फोन केला, तर उत्तर मिळाले, "पीठ चाळून घ्या." माझी खरी तक्रार या उत्तराबद्दल आहे. धान्याबरोबर दळली गेलेली रेती पिठाइतकीच बारीक होते, ती चाळणीतून पिठासोबतच खाली पडणार. रेती काढायची ती दळणाआधी. नाचणीचा दाणा मोहरीएवढा आणि वाळूचा खडाही तेवढाच, म्हणून आख्खे धान्य नुसते चाळूनही भागत नाही. माझ्या सासूबाई नाचणी पाण्यात रोळून घ्यायच्या. दाणे वर तरंगवून काढायचे, जड रेती भांड्याच्या तळाशी राहायची. मग उन्हात वाळवून गिरणीत. तुमच्यासारख्या मोठ्या गिरणीत हेच काम डिस्टोनर करतो. हलत्या उतरत्या जाळीवर खालून वारा सोडला की हलके दाणे उचलले जाऊन उताराने खाली येतात आणि जड खडे जाळीला धरून वर चढतात. खळ्यावर मळलेल्या धान्यात माती येणारच, शेतकऱ्याला मी बोल लावत नाही. ती काढण्याचेच पैसे आम्ही तुम्हाला देतो.

माझ्याकडून लहान मुलांच्या तिजाणीसाठी, म्हणजे नाचणीच्या पातळ खिरीसाठीही हे पीठ जाते. त्या घरांत मी स्वतः जाऊन ते परत आणले.

उरलेले २२ किलो पोत्यासकट तसेच ठेवले आहे. पोत्यावरच्या बॅच क्रमांकाचा आणि बिलाचा फोटो सोबत आहे. पूर्ण पोते बदलून द्यावे, याच बॅचचा दुकानांतला माल उचलावा आणि त्या दिवशी डिस्टोनर चालू होता की नाही ते लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर पीठ आणि पुडी घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक
फोंडा, गोवा